आवाज नसलेली लाईन

दिवाळी अंकाच्या लोकांनी निरोप धाडला की नोकरीतले अनुभव लिहा, पण भरती कधी झाली, बदली कुठे झाली, असला पाढा नको. बरं केलं. माझा पाढा दोन ओळींचा आहे. सातवी नापास झालो, टेलिफोन खात्यात रोजंदारीवर खांबांचे खड्डे खोदले, पुढे लाईनमन झालो आणि लाईनमन म्हणूनच घरी आलो. माझ्या हातचं लिहिलेलं साहेबांनी आजवर वाचलं ते तीनच शब्द, ‘तक्रार दूर केली’. भाषा सुधारायची तर सुधारा, मजकूर राहू द्या. त्यातला बराच मजकूर माझ्या बायकोचा आहे, आणि ती गेल्या पौषात वारली.

तिचं नाव द्वारका. जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. तीस वर्षं मी मलकापूर एक्सचेंजच्या हाताखाली गावोगाव फोन लावत फिरलो, आणि माझ्याच घरातल्या बाईला फोनचा काडीचा उपयोग नव्हता. सोबतचे लोक तोंडावर म्हणायचे, "तुह्या घरी फोन कायले पाहिजे बे? घंटी वाजली तं उचलीन कोण?" मी एक शिवी हासडायचो आणि खांबावर चढायचो. दुसरं काय करणार.

ज्यांनी जुना फोन पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोन म्हणजे तांब्याच्या दोन तारा. आम्ही त्याला जोडी म्हणायचो. तुमच्या घरातून निघालेली जोडी खांबावरच्या लोखंडी डब्यात यायची, तिथून जमिनीखालच्या जाड केबलमधून एक्सचेंजला. तिथे तुमची जोडी दुसऱ्याच्या जोडीला भिडली की बोलणं सुरू. मधे कुठेही पाणी शिरलं, डब्यात मुंगळ्यांनी घर केलं, कडब्याच्या गाडीत तार अडकून ओढली गेली, की लाईन मेली. मग मी. कमरेला पट्टा, हातात पकड, खांद्याला तपासणीचा फोन.

वडनेर भोलजीत, म्हणजे आमच्याच गावात, एका घरी नवा फोन लावला होता. घरच्या सुनेने कानाला लावला तर पलीकडे भासरे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ. तिने आधी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मग "हो जी" म्हणाली. घरातले सगळे हसले. मी नाही हसलो. तारेतून माणूसच येतो हे त्या बाईला बरोबर कळलं होतं. आमच्या साहेबांना ते पेन्शनीपर्यंत कळलं नाही.

आणि मधला माणूस सगळं ऐकू शकतो, हेही सांगून टाकतो. खांबावर तपासणीच्या फोनचे चिमटे जोडीला लावले की लाईन जिवंत आहे का ते कळायचं. त्या वेळी कोणी बोलत असेल तर तेही ऐकू यायचं. आमची रीत अशी, की माणसाचा आवाज आला की चिमटे काढायचे. मी काढायचो. एकदा नाही काढले. एक पोरगी सासरहून आईला सांगत होती, मले घेऊन जा, आजच्या आज. आई म्हणत होती, सणाले पाहू. मी सगळं ऐकलं, तारेचा जोड नीट मारला, खाली उतरलो आणि ‘तक्रार दूर केली’ असं लिहिलं. कोणाला बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर मात्र मी चिमटे लगेच काढायला लागलो.

आता द्वारका. मला बायको मिळत नव्हती आणि तिला नवरा, असं आमचं लग्न. मूल झालं नाही. आमच्यात खुणा होत्या, पन्नासच्या वर नसतील. पाणी, ये, जा, दुखते, पाहुणा आला, पाऊस आला. आणि मी घरी पोचलो की पाच बोटं तोंडापाशी नेऊन भुवया वर करायचो. जेवली का? तिला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा, तो हादरा तिच्या पायाला कळायचा. एवढ्यावर पस्तीस वर्षं निघाली. मला वाटायचं माझी बायको स्वभावानेच गप्प. लोकांनाही मी तसंच सांगायचो, "आमची बाई शांत हाये."

तिची धाकटी बहीण रुख्मा, तीही बहिरी. तिला लोणार तालुक्यात सुलतानपूरला दिलेली. जिल्हा एकच, पण आम्ही वरच्या टोकाला आणि ते खालच्या. नांदुरा, खामगाव, मेहकर असं गाड्या बदलत जाण्यात दिवस जायचा. वर्षातून एकदा नेत होतो तिला, कधी दोन वर्षांतून एकदा. तिथे दोघी बहिणी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि मी साडूसोबत ओसरीवर बसायचो. आत काय चालतं ते मी कधी डोकावून पाहिलं नाही. बायांचं काय पाहायचं, असं वाटायचं.

रिटायर झालो तोवर साधे फोन गेले आणि टचचे आले. माझा साडू आसाराम, त्याला कान-वाचा दोन्ही आहे, त्याने एका अ‍ॅपवरून व्हिडिओ लावला. मी फोन द्वारकापुढे धरला. पडद्यावर रुख्मा आली. तिने एक बोट हनुवटीला लावलं आणि आंबट खाल्ल्यासारखा एक डोळा मिटला. म्हटलं, ही त्यांची रामराम घालायची रीत असेल. द्वारकाने माझ्या हातातून फोन काढून घेतला, तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, हातभर मागे सरकली आणि दोन्ही हातांनी बोलायला लागली.

मी एकदा खांबावरून पडलो होतो. तेव्हाही एवढा हबकलो नव्हतो. हात नीट दिसत नव्हते इतक्या वेगात चालले होते. नुसते हात नाही, खांदे, गाल, भुवया, मान. मधेच तिने बसल्या जागी आमच्या शेजारणीची चाल केली, आणि मला शेजारीण दिसली. सरपंचाचं पोट केलं. रुख्मा तिकडे लोळत होती. द्वारकाच्या घशातून हसण्याचा एक आवाज निघाला, तो मी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. तास झाला, दीड तास झाला. माझी बायको बडबडी होती. गावातली सगळ्यांत बडबडी बाई माझ्या घरात राहत होती आणि मला पत्ता नव्हता. चहा उतू जाऊन चूल विझली तरी मी पाहतच बसलो.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता लाईन लागायची. मी लाईनच म्हणतो, सवय आहे.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, आता त्यांच्या मनासारखं होऊ द्या. गाडीत बसण्यासारखी ती राहिली नव्हती, आणि रुख्माचे गुडघे गेलेले. एखाददा आली असती, रोज कशी येणार? द्वारकाच्या मनासारखं म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. चार वाजताची लाईन.

नेमकी तीच गेली. एक दिवस अ‍ॅप उघडलं तर खातं बंद. नियमात बसत नाही म्हणे. कोणत्या नियमात, ते लिहिलेलं नाही. अ‍ॅपचं नाव घेत नाही, आता भांडायचं वय राहिलं नाही. नवं सिम आणलं, नवं खातं काढलं, दोन दिवसांत तेही बंद. तक्रार करायला गेलो तर तक्रार घ्यायला माणूसच नाही. बटण दाबलं की पुढे दुसरं बटण. आमचं टेलिफोन खातं कसंही असो, तक्रारीला नंबर पडायचा, आणि नंबर पडला की मला सायकल काढावीच लागायची. इथे सायकल काढणारा कोणीच नव्हता.

चार वाजले की द्वारका त्या काळ्या पडद्यासमोर येऊन बसायची. मग माझ्याकडे पाहून एक बोट खांबासारखं उभं करायची आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यावर चढवायची. तू लाईनमन ना, चढ मग. ही खूण मला चांगली समजायची. समजून उपयोग काय? चढायला खांबच दिसत नव्हता, आणि तिच्यापाशी दिवस कमी होते.

मलकापूरला ठोसर मॅडम संगणक शिकवतात. त्यांच्या वडिलांच्या घरचा फोन मी सांभाळलेला. त्यांच्यापाशी गेलो आणि सरळ सांगितलं, "मॅडम, मले एक जोडी पाहिजे. वडनेर ते सुलतानपूर. मधात मालक नको."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, तशी हाये. अ‍ॅप नको, नंबर नको, खातं नको. फोनात इंटरनेट उघडते ना, ब्राउझर, त्याच्यात एक लिंक दाबायची. इकडून तुमी दाबली, तिकडून त्यायनं दाबली, की दोघं एका खोलीत."

"आन खोली कोणाची?"

"तुमची. ज्यायनं हे बनवलं त्यायनं पुरी मांडणी उघडी ठेवली. ओपन सोर्स म्हंतात त्याले. कोणीबी वाचू शकते, कोणीबी आपल्या मशीनवर लावू शकते. फुकट."

"फुकट काऊन देऊन राह्यले? काई तरी असंन त्याच्यात."

"असंन तं पाहा न उघडून," मॅडम म्हणाल्या. "बंद डब्याले भ्याले पाहिजे काका. उघड्या डब्याले तुमी काऊन भेऊन राह्यले?"

मी जन्मभर डबे उघडूनच दुरुस्त केले होते.

खोलीला नाव काय द्यायचं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "रामराम". आमच्याकडे कोणाच्याही दारात शिरताना हेच म्हणतात. मॅडम म्हणाल्या, लांबलचक द्या, नाही तर कोणी मधे येईल. मी ऐकलं नाही. म्हटलं, "दोन बायाइच्यात कोण येईन?" तीच लिंक त्यांनी आसारामला धाडली.

दुसऱ्या दिवशी चारला मी लिंक दाबली. कॅमेरा लावू का म्हणून फोनने विचारलं, हो केलं. पडदा क्षणभर काळा राहिला, आणि त्यातून रुख्मा आली. बोट हनुवटीला, एक डोळा बारीक. द्वारका उशीला टेकून बसली होती, ती सरळ झाली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तिसऱ्या दिवशी माझी चूक दारात उभी राहिली. दोघी बोलत होत्या आणि पडद्याचे एकदम तीन तुकडे झाले. तिसऱ्यात एक गृहस्थ, कपाळाला गंध, पुढ्यात पेटी. "रामराम मंडळी," तो म्हणाला. "भजनी मंडळाची बैठक हीच ना?" दोघी बहिणींनी परका पुरुष पाहून एकाच वेळी पदर डोक्यावर ओढले आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. गृहस्थ पडद्याच्या जवळ आला. "हॅलो, आवाज येत नाही तुमचा. ताई, हात हलवू नका, खाली माइकची खूण आहे. म्यूट काढा, म्यूट काढा."

मी मागून म्हणालो, "साहेब, ते निघत नाही. जन्माचं हाये."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने हात जोडले. पण द्वारकाला पाहुण्याचं कौतुक. तिने त्याला बसायची खूण केली, चहा घेणार का विचारलं, आणि रुख्माकडे वळून त्याचं गंध, पोट आणि पेटी तिन्ही काढून दाखवलं. तो बिचारा स्वतःची नक्कल पाहून हसला आणि पाच मिनिटं बसला. त्याच्या मंडळानेही आपल्या खोलीला तेच नाव दिलेलं होतं, आणि नाव एक म्हणजे खोली एक. रामराम म्हणून दारात शिरणारा मी एकटाच नव्हतो.

मॅडम रागावल्या. "काका, दार उघडं ठेवलं तं लोक येतीनच. आता ऐका माह्यं." त्यांनी ते सगळं लोकांच्या मशीनवरून काढून आपल्या क्लासातल्या मशीनवर लावलं, खोलीला लांब नाव दिलं आणि वर कुलूप. मी म्हणालो, मला एक्सचेंज पाहायचं आहे.

"हे काय, टेबलाखाली."

टेबलाखाली एक काळा डबा होता. मोडीत काढलेला जुना संगणक, एक पंखा, एक हिरवा दिवा. आमचं एक्सचेंज हॉलभर होतं. कपाटांच्या रांगा, नंबर फिरवला की रांगेतून खडखड आवाज पळत जायचा, आणि उन्हाळ्यात आधी यंत्राला गार हवा, मग साहेबाला. तो सगळा हॉल त्या डब्यात बसला होता, आणि हॉलला जे कधी जमलं नाही तेही तो करत होता. माणसाचा हात नेऊन दाखवत होता.

"आन दोघंच असले तं हा डबाबी बाजूले सरकते," मॅडम म्हणाल्या. "चित्र सीधं ह्या फोनातून त्या फोनात."

"म्हंजे मधात चिमटे लावाले कोणी नाई?"

"कायचे चिमटे?"

मी सांगितलं नाही. विचारलं, हे बनवलं कोणी? त्या म्हणाल्या, "जगभरच्या लोकायनं. कोणी दोन ओळी लिहिल्या, कोणी दोनशे. एकमेकाचं तोंडबी पाह्यलं नाई."

जमिनीखाली माझे किती जोड पुरलेले असतील ते मलाही सांगता येणार नाही. लोक त्यांवरून बोलले, भांडले, सोयरिकी केल्या, आणि जोड कोणी मारला हे कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नाही, जोड चांगला असला की तो दिसत नाही. तसाच कोणीतरी, कोणत्या तरी मुलखात बसून, जोड मारून मोकळा झाला. त्याच्यामुळे वडनेरची बहिरी बाई सुलतानपूरच्या बहिरीला सरपंचाचं पोट करून दाखवते, हे त्याला कोण सांगणार? मी वाकून त्या डब्यावर हात ठेवला. कोमट होता. देवळातही मी इतका वेळ वाकत नाही.

एक अडचण राहिली होती. आपलं चित्र अडखळलं तरी आवाज येत राहतो, बोलणं तुटत नाही. या दोघींचं चित्र हेच बोलणं. हात हवेत थिजला की शब्द तिथेच तुटला. आमच्या घरात नेटवर्क कमी. मी छपरावर फिरून पाहिलं, तर माणसाच्या उंचीच्या वर चांगलं येत होतं. मग एक लांब बांबू आणला, त्याच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात दुसरा फोन बसवला, त्याचं नेट खालच्या फोनला दिलं. रोज साडेतीनला फोन वर, साडेपाचला खाली. गल्लीतला एक जण म्हणाला, "काय भाऊ, रिटायर झाले तरी खांब रोवूनच राह्यले?" म्हटलं, हाव. हा शेवटचा. द्वारकाने खाटेवरून पाहिलं आणि बोटावर दोन बोटं चढवून दाखवली. या वेळी ती हसत होती.

चार महिने ती लाईन एक दिवस मेली नाही. नोकरीत असं मला कधी जमलं नव्हतं. पण द्वारकाचे हात हळू व्हायला लागले. आधी खांदे थांबले, मग एकाच हाताने बोलायची, मग पांघरुणावर ठेवलेली बोटं तेवढी हलायची. रुख्माला ते सगळं समजायचं. मी शेजारी बसून असायचो आणि मला काही समजायचं नाही. लाईन मीच उभी केली आणि तिच्यावरून काय चाललं आहे ते मला कळत नव्हतं. चिमटे लावून बसलो असतो तरी कळलं नसतं. मी तिला विचारायचो ते एवढंच, पाच बोटं तोंडापाशी, भुवया वर. ती हो म्हणायची. जेवलेली नसायची.

शेवटच्या दिवशी बोटंही हलली नाहीत. तासभर एकटी रुख्माच बोलत होती आणि द्वारका डोळ्यांनी ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

रुख्मा गुडघ्यांवर हात ठेवत आली, तेरावं करून परत गेली. बांबू काढायला माझा हात धजत नव्हता. घरात सामसूम झाली असं लोक म्हणतात. आवाज तर आमच्या घरात आधीही नव्हता. पण बोलणं गेलं होतं, आणि दोन्हींत फरक काय ते मला पहिल्यांदा कळत होतं.

रुख्मा गेल्यावर आठ दिवसांनी, चार वाजता, काही न ठरवता मी फोन बांबूवर चढवला, खालचा तांदळाच्या डब्याला टेकवला आणि लिंक दाबली. वाटलं, रिकामी खोली दिसेल.

रुख्मा तिथे बसलेली होती. घरी पोचल्यापासून रोज चारला ती त्या खोलीत एकटी येऊन बसत होती, असं आसाराम नंतर म्हणाला.

ती माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. काय बोलावं? माझ्यापाशी पन्नास खुणा. त्यातली हाताला आली ती केली. पाच बोटं तोंडापाशी, भुवया वर.

रुख्मा एकदम हसली. तोच घशातला आवाज, मला वाटलं द्वारकाच हसली. मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि पाच बोटं तोंडापाशी नेली, भुवया वर. पुन्हा माझ्याकडे बोट, पुन्हा तेच.

आसाराम तिच्या मागून म्हणाला, "भाऊ, ते तुमचं नाव होय. त्यायच्यात तुमाले ‘जेवली का’ म्हंतात. द्वारकाबाईनंच ठेवलं, लग्न झालं तवाच."

"काऊन?"

"तुमी दुसरं काई इचारतच नाई म्हणे."

मी पहिल्यांदा दुसरं काही विचारलं. भिंतीवरच्या द्वारकाच्या फोटोकडे बोट केलं, मग रुख्माकडे, आणि पंजा उलटा केला. हिचं नाव काय? तिला कळेना. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा कळलं.

तिने एक बोट हनुवटीला लावलं आणि आंबट खाल्ल्यासारखा एक डोळा मिटला.

मग माझ्यासाठी सावकाश, एकेक करून दाखवलं. झाड. झाडावर चढणारी एवढीशी पोरगी. पडली. हनुवटी फुटली, रक्त. सगळे धावले, तर पोरगी रक्त तसंच ठेवून मुठीतली चिंच खात बसली होती.

द्वारकाच्या हनुवटीवर बारीक व्रण होता. पस्तीस वर्षं रोज पाहिला. कशाचा, ते विचारायला माझ्यापाशी खूण नव्हती, आणि मी ती शोधलीही नाही.

मी बोट उचललं. रुख्माने मान हलवली, बोट फार वर लागलं होतं. पुन्हा केलं तर दोन्ही डोळे मिटले गेले. तिने परत दाखवलं. पाचव्या-सहाव्या वेळी तिने मान डोलावली, जमलं म्हणून.

तिला थांब म्हटलं आणि भिंतीकडे वळलो. बोट हनुवटीला लावलं, एक डोळा मिटला, आणि माझ्या बायकोला हाक मारली. पाय आपटला नाही.